आपल्या भागातल्या गुन्हेगारीची मुळं कशी शोधायची: गिरणगावाचा धडा

लालबाग-परळमध्ये कुणालाही विचारा, एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "संप फसला, पोरं बेकार झाली, म्हणून गँगा झाल्या." आता तीन तारखा एकाखाली एक लिहा. दाऊद इब्राहिमचा भाऊ साबीर इब्राहिम कासकरचा प्रभादेवीला खून झाला १२ फेब्रुवारी १९८१ रोजी. टोळीप्रमुख मन्या सुर्वे वडाळ्यात पोलिसांच्या गोळ्यांनी मेला ११ जानेवारी १९८२ रोजी. गिरणी कामगारांचा संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ रोजी. टोळीयुद्ध संपाच्या आधीच पेटलेलं होतं.

म्हणून ते वाक्य सरसकट खोटं ठरत नाही. संपाने टोळ्यांना माणसं मिळाली, पण टोळ्या संपाने जन्माला घातल्या नाहीत. हा फरक नेमका कसा पकडायचा, त्याची ही पद्धत आहे. उदाहरण मुंबईच्या गिरणगावाचं आहे, पण विद्यार्थी, पत्रकार किंवा स्थानिक कार्यकर्ते यांना ती आपल्या शहराला, तालुक्याला लावता येईल.

आधी हद्द आखा

"मुंबईतली गुन्हेगारी" हा विषय एका माणसाला झेपत नाही. एक भाग, एक प्रकारचा गुन्हा आणि साठ ते ऐंशी वर्षांचा काळ एवढंच घ्या. उदाहरणार्थ, भायखळा ते वरळी हा पट्टा, खंडणी आणि त्यासाठीचे खून, १९२० ते २०००. काळ याहून लहान घेतलात तर मूळ सापडत नाही, फांद्याच हाती येतात. गुन्हे दोन-तीन प्रकारचे घेतलेत तर सगळं एकाच कारणाच्या माथी मारायचा मोह होतो. घरातली मारझोड, दंगल आणि सुपारी यांची मुळं वेगवेगळ्या मातीत असतात.

पोलीस हद्दीचा जुना आणि नवा नकाशा शेजारी ठेवा. मुंबई शहराची हद्द १९५० आणि १९५७ मध्ये वाढून बृहन्मुंबई झाली. नवी मुंबईचं पोलीस आयुक्तालय वेगळं आहे, मीरा-भाईंदर, वसई-विरारचं २०२० पासून वेगळं आहे. हद्द बदलली की आकडे उड्या मारतात आणि नवख्या अभ्यासकाला वाटतं, गुन्हे वाढले.

कायद्यांची पट्टी तयार करा

सगळ्यात आधी, म्हणजे माणसांना भेटण्याच्याही आधी, करायचं काम हेच. लांब कागदावर वर्षांची रेघ ओढा. रेघेच्या वर कायदे, खाली घटना. गिरणगावाची पट्टी अशी दिसते.

१८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा. १९०२ चा शहर पोलीस कायदा, ज्याच्या कलम २७ ने आयुक्तांना माणूस शहराबाहेर घालवण्याचा अधिकार दिला. १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा. १९४९ चा दारूबंदी कायदा. १९५१ चा पोलीस कायदा, ज्याच्या ५५, ५६, ५७ कलमांखाली आजही तडीपारी होते. १९६३ चे सुवर्ण नियंत्रण नियम आणि १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा. १९७६ चा नागरी कमाल जमीन धारणा कायदा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला गिरण्यांच्या जमिनीचा ५८ वा नियम. १९९९ चा मकोका, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा.

कायदे आधी का? कायद्याची तारीख पक्की असते, माणसांच्या आठवणीतली नसते. आणि संघटित गुन्हेगारी बहुधा तिथेच रुजते, जिथे लोकांना हवी असलेली वस्तू कायद्याने मिळेनाशी होते किंवा लोकांचं भांडण कायद्याने सुटेनासं होतं.

प्रत्येक टप्प्याला चार प्रश्न विचारा

काय दुर्मिळ झालं? तंटा कोण सोडवत होतं? माणसं आणि जागा कुठून आल्या? पोलीस आणि पुढारी यांच्यापैकी कोण डोळेझाक करत होतं, आणि कशाच्या बदल्यात? चौथ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर क्वचित मिळतं. तो कोरा राहिला तर कोराच ठेवा, अंदाजाने भरू नका.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र मनसोक्त वेळ घालवा. गिरणगावाची गुरुकिल्ली तिथेच आहे.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या गिरणीची उभारणी सुरू केली. त्यानंतर कोकणातून, देशावरून माणसं आली ती थेट गिरणीच्या दारात नाही, मुकादमाच्या दारात. कामावर घेणारा तो, काढणारा तो, त्यासाठी दस्तुरी, म्हणजे दलाली, खाणारा तो आणि अडीअडचणीला पैसे देणाराही बऱ्याचदा तोच. मुकादमाला आपली माणसं धरून ठेवायची तर गिरणीबाहेरही वजन लागायचं. ते वजन तयार व्हायचं खानावळीत, आखाड्यात, गावकऱ्यांच्या खोल्यांत. संप आला की हेच वजन एकतर संपाच्या बाजूने उभं राहायचं नाहीतर संप फोडायला. वस्तीतला 'दादा' हा शब्द इथला आहे. दादा भांडण मिटवायचा, उधारी वसूल करून द्यायचा, खोलीचा ताबा मिळवून द्यायचा. कोर्टात जायला कामगाराकडे ना पैसा होता ना खाडा करायची मुभा.

फेब्रुवारी १९२९ ची दंगल या नजरेने वाचा. पठाण मुलं पळवतात अशा अफवेवरून ती पेटली आणि पुढे हिंदू-मुसलमान झाली. पण त्याआधी तेल कंपन्यांच्या संपात पठाणांना बदली कामगार म्हणून आणलं होतं, आणि कामगार वस्तीत व्याजाने पैसे देणाऱ्यांतही पठाण होते. अफवा ही ठिणगी. संपफोडी आणि सावकारी हे आधीच सुकलेलं गवत. नोंदवहीत दोन्ही लिहा, पण वेगवेगळ्या रकान्यांत. ठिणगीलाच मूळ म्हणणं ही या कामातली सर्वात नेहमीची चूक आहे.

पुढे १९४६ च्या कायद्याने एक दार बंद झालं. त्या कायद्याप्रमाणे एका उद्योगात एकच 'प्रातिनिधिक' संघटना मालकांशी बोलू शकते. मुंबईच्या गिरण्यांत ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे गेले, तरी वाटाघाटीच्या टेबलावर सामंतांना कायद्याने खुर्ची नव्हती. संप कधी औपचारिकपणे मागेही घेतला गेला नाही. ज्या भांडणाला कायदेशीर शेवट नसतो, त्यात बळाचा शिरकाव होतो.

वस्तूचा माग काढा: दारू, आकडा, सोनं

आता पहिला प्रश्न. इथे माणसांची नावं बाजूला ठेवून मालाचा प्रवास लिहा: कुठे बनला किंवा उतरला, कुणी वाहिला, कुठे विकला, पैसे कसे फिरले. चार-पाच ओळी पुरतात.

दारूबंदी १९५० च्या एप्रिलपासून पूर्ण लागू झाली. गूळ आणि नवसागर स्वस्त, माहीमची खाडी आणि तिच्या कडेचं दलदलीचं रान पोलिसांना गैरसोयीचं. हातभट्टी धारावी, अँटॉप हिलच्या बाजूला लागली, आणि गिऱ्हाईक होतं पाळी सुटल्यावर बाहेर पडणारं. वरदराजन मुदलियारचं नाव या धंद्यातून मोठं झालं. इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की हातभट्टीला रोज माल पोचवणारी पोरं लागतात, रोज हप्ता लागतो, रोज उधारी वसूल करावी लागते. म्हणजे टोळीला लागणारी सगळी यंत्रणा बंदूक न उचलता तयार होते.

मटका म्हणजे आकड्यांचा जुगार, त्याची गोष्टही कापसापासूनच सुरू होते. न्यूयॉर्कहून तारेने येणाऱ्या कापसाच्या उघडत्या-मिटत्या भावांवर मुंबईत आकडा लागायचा. ते भाव येणं साठीच्या दशकाच्या सुरुवातीला थांबलं, तेव्हा चिठ्ठ्या आणि पत्ते आले. वरळीतून कल्याणजी भगत आणि पुढे रतन खत्री यांनी हा धंदा चालवला. एका कामगाराचे चार आणे गेले तर काही बिघडत नाही. लाखभर कामगारांचे रोज चार आणे एका जागी जमायला लागले की तो पैसा सांभाळायला माणसं ठेवावी लागतात.

सोन्याला मात्र गिरणगावाची गरज नव्हती, त्याला गोदी हवी होती. आयात बंद, त्यात १९६३ पासून १४ कॅरेटहून शुद्ध दागिने घडवायला मनाई. दुबईहून गलबतांतून दहा तोळ्यांची, म्हणजे ११६.६४ ग्रॅमची बिस्किटं यायची. गोदीत हमाली केलेला मस्तान मिर्झा, म्हणजे हाजी मस्तान, इथला. तेव्हा गोदी आणि गिरणी यांना एकाच टोपलीत टाकू नका. सोन्याने पैसा आणि परदेशी संपर्क दिले, गिरणगावाने मनुष्यबळ आणि वस्त्या दिल्या. ऐंशीच्या दशकात या दोन धारा एकमेकींना भिडल्या. ही मांडणी 'संपामुळे गँगा' या एका ओळीपेक्षा लांब आहे, पण ती तारखांना टिकते.

जागेचा रकाना विसरू नका

बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. अशा २०७ इमारती वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. भाडेकरूला आधार मिळाला, तो हवाच होता. पण खोलीची खरी किंमत 'पगडी'त, म्हणजे ताब्यासाठी भाड्यावेगळ्या द्यायच्या रकमेत, गेली आणि पगडी तेव्हा बेकायदा. व्यवहारच बेकायदा म्हटल्यावर तो मोडला तर तक्रार कुठे करणार? ताबा देणं, ताबा काढणं हे दादाचं काम झालं. पगडीला कायद्याची मान्यता मिळाली थेट १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात.

मग आल्या गिरण्यांच्या जमिनी, ६०० एकरांच्या आसपास. १९९१ च्या ५८ व्या नियमाप्रमाणे विकायच्या जमिनीचे तीन वाटे होणार होते: महापालिका, म्हाडा आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. मधल्या दशकाच्या घटना पट्टीच्या खालच्या बाजूला लावा: १९९४ मध्ये खटाव मिलचे सुनीत खटाव यांचा महालक्ष्मीला खून, १६ जानेवारी १९९७ रोजी पवईला दत्ता सामंतांचा खून. फक्त तारखा शेजारी आल्या म्हणून "जमिनीसाठी मारलं" असं लिहू नका. प्रत्येक खटल्याचा निकाल वाचा आणि न्यायालयाने कोणता हेतू सिद्ध धरला, तेवढंच लिहा.

कारण खरं आहे का, ते तपासा

दोन कसोट्या लावल्याशिवाय कोणतंही कारण 'मूळ' म्हणून लिहू नका.

पहिली, दुसरं गाव. गिरण्या सोलापुरातही बंद पडल्या, हजारो घरं उघड्यावर आली. तरी मुंबईच्या तोलाच्या टोळ्या तिथे उभ्या राहिल्या नाहीत. तिथे बंदर नव्हतं, परळच्या भावाची जमीन नव्हती. म्हणजे नुसती बेकारी पुरत नाही. अहमदाबादेतही गिरण्या बंद पडल्या, आणि गुजरातेत दारूबंदी कायम राहिली. तिथे अब्दुल लतीफची टोळी दारूच्या धंद्यावर पोसली गेली. महाराष्ट्रात साठ-सत्तरच्या दशकांत दारूबंदी सैल होत गेली आणि मुंबईच्या टोळ्यांचं मुख्य उत्पन्न दुसरीकडे सरकलं. एकाच कापडाचे तीन तुकडे, तीन वेगळे परिणाम. अशी तुलना मिळाली की ती जपून ठेवा, तिच्याइतका भक्कम पुरावा या कामात दुसरा नसतो.

दुसरी कसोटी, कारण गेल्यावर काय झालं? सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला, मग आयातही खुली होत गेली. तस्करीतला नफा आटला. टोळ्या मात्र विरल्या नाहीत. त्या बांधकाम व्यावसायिक आणि चित्रपट व्यवसायाकडे वळल्या. 'पेटी' म्हणजे लाख आणि 'खोका' म्हणजे कोटी हे शब्द घराघरांत पोचले. मूळ मेलं तरी त्यावर वाढलेली संघटना दुसरं खाद्य शोधते. म्हणून 'उगम' आणि 'टिकून राहण्याचं कारण' असे दोन स्वतंत्र रकाने ठेवा. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी वस्तीत विषारी दारूने शंभरावर माणसं मेली, तेव्हा दारूबंदी केव्हाच सैल झालेली होती. तिथे १९४९ चा कायदा पुढे करून भागत नाही. मिथेनॉल कुठून येतं आणि गरिबाला परवान्याची दारू परवडते का, हे पाहावं लागतं.

आकडे वाचताना

'क्राइम इन इंडिया' हा वार्षिक अहवाल १९५३ पासूनचा आहे. त्यात एका गुन्ह्यातली अनेक कलमं असली तरी सर्वात गंभीर कलमाखालीच तो मोजतात. खंडणीसाठी खून झाला तर तो खुनात गेला, खंडणीत दिसणार नाही. म्हणून खंडणीचा आकडा नेहमी कमीच दिसतो. त्यातून लोक घाबरून तक्रार देत नाहीत, आणि जरा धीर आला की एकदम देतात. तक्रारी वाढल्या याचा अर्थ कधीकधी भीती कमी झाली असा असतो. खुनाचा आकडा त्यामानाने विश्वासाचा, कारण प्रेत लपवणं कठीण. दीर्घकाळाची तुलना खुनांवरच करा, तीही दर लाख लोकसंख्येमागे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. खून ३०२ वरून १०३ वर गेला, खंडणी ३०८ वर आली आणि संघटित गुन्हेगारीसाठी १११ हे कलम नव्याने आलं. त्यानंतरचे आकडे आधीच्यांना सरळ जोडू नका.

कागद कुठे मिळतात

काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेख आहेत. तिथे गृह विभागाच्या फायली मागा. मुंबई शहर गॅझेटिअरचे १९०९-१० चे तीन खंड आणि जनगणनेचे खंड एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात पाहा. वर्तमानपत्रं किमान दोन घ्या, एक मालकांना जवळचं आणि एक कामगारांना. जून १९७५ ते मार्च १९७७ मधल्या शांत पानांवर भिस्त ठेवू नका, तेव्हा आणीबाणी होती. निकालपत्रं उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात, आणि साक्षीपुराव्याच्या परिच्छेदांत वस्तीचा जो तपशील असतो तो इतरत्र कुठेच नसतो. १९९२-९३ च्या दंगलींसाठी श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल पूर्ण वाचा, केवळ ९०० मृतांचा आकडा उचलू नका.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात १५० शब्दांत आणि एकाच विषयावर बसवावा लागतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. उत्तराची मुदत ३० दिवस. वीस वर्षांपूर्वीच्या माहितीला कलम ८(३) मुळे बहुतेक अपवाद लागू होत नाहीत, ते कलम अर्जातच नमूद करा. "अभिलेख नष्ट झाला" असं उत्तर आलं तर तिथे थांबू नका. सरकारी कागदांचं अ, ब, क, ड असं वर्गीकरण असतं: 'अ' कायम जपायचा, 'ब' ३० वर्षं. नष्ट केलेल्या अभिलेखांची नोंदवही मागा. कागद गेला तरी तो काय होता, हे त्यात सापडतं.

माणसांशी बोलताना

"गुन्हेगार कोण होते?" हा प्रश्न विचारूच नका. सांगणारा धोक्यात येतो आणि तुम्हाला ऐकीव दंतकथा मिळतात. त्याऐवजी रोजच्या जगण्याबद्दल विचारा. कोणत्या खात्यात होता, कायम की बदली? बदलीला महिन्यात किती दिवस काम मिळायचं? पगार कोणत्या तारखेला, गेटवर वसुलीला कोण उभं असायचं? खानावळ कुणाची? खोलीचं भांडण झालं तर कुणाकडे जायचा? खानावळ चालवणाऱ्या बायांना आवर्जून भेटा. कुणाची किती उधारी थकली आणि कोण कधीपासून जेवायला यायचा थांबला, हे त्यांना पाठ असतं, आणि त्यांना कुणी कधी विचारलेलं नसतं.

एक गोष्ट तीन ठिकाणी, एकमेकांशी संबंध नसलेल्यांकडून ऐकल्यावरच वहीत पक्की करा. संमती घ्या, नावाऐवजी खूण लिहा, खुणांची यादी वेगळ्या जागी ठेवा. चालू खटल्यातल्या साक्षीदाराकडे जाऊ नका.

जातीला मूळ समजू नका

जुन्या पोलीस कागदांत 'अमुक जमात चोर' असं बिनदिक्कत लिहिलेलं सापडेल. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. सोलापूरला तारेच्या कुंपणात माणसं कोंडली. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, शिक्का गेला नाही. पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. पारधी वस्तीवर चोरीनंतर पहिला छापा आजही पडतो. असा कागद हाती आला तर तो त्या जमातीबद्दलचा पुरावा मानू नका. तो पोलीस खात्याच्या नजरेचा पुरावा आहे, तसाच नोंदवा. हीच काळजी गिरणगावातल्या कोकणी पोरांबद्दल, डोंगरीतल्या मुसलमानांबद्दल, धारावीतल्या तमिळांबद्दल घ्या. तुमच्या मांडणीत एखाद्या समाजाचं नाव काढून टाकल्यावर कारण उभं राहत नसेल, तर तुम्हाला अजून कारण मिळालेलं नाही.

लिहायला बसताना

'गुंड' हा शब्द टाळा. संशयित, आरोपी, दोषी, निर्दोष यांतला कोणता शब्द लागू आहे ते निकालाच्या तारखेसह पाहा. अपिलात निकाल फिरलेला असतो. चकमकीत मेलेल्या माणसावर खटला चाललेला नसतो, तेव्हा "पोलिसांच्या म्हणण्यानुसार" हे शब्द गाळू नका. प्रत्येक कारणापुढे कंसात एक अक्षर ठेवा: कागद असेल तर 'का', निकाल असेल तर 'नि', फक्त सांगोवांगी असेल तर 'सां'. मसुदा पूर्ण झाल्यावर सलग तीन 'सां' जिथे दिसतील, तो परिच्छेद काढा आणि पुन्हा पुराभिलेखात जा.